नेलपॉलिशची रेघ

रेघ सरकली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी; पण सरकली होती. लहानू खोब्रागडेनं बॉनेटखाली डोकं घालून चष्मा कपाळावर ढकलला, पुन्हा नाकावर आणला, आणि दोन्ही वेळा तेच दिसलं. काल संध्याकाळी त्यानं या गाडीचं टायमिंग लावलं होतं, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट कसला होता, आणि आजूबाजूला कोणी नाही असं पाहून खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली होती. बाटली जयाची, त्याच्या मुलीची. लग्न होऊन नागपूरला जाताना ती आरशाखालच्या खणात सोडून गेली होती. तिच्यातल्या इवल्याशा ब्रशनं त्यानं एक लाल रेघ ओढली, अर्धी डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावर, अर्धी इंजिनाच्या. डिस्ट्रिब्यूटर कोणी जरासा जरी फिरवला तर रेघेचे दोन तुकडे होणार. ते झाले होते. गॅरेजच्या चाव्या दोनच, एक त्याच्या खिशात आणि दुसरी बळीरामच्या. बळीराम म्हणजे शेवंताचा, त्याच्या बायकोचा, सख्खा धाकटा भाऊ. पंधरा वर्षांपासून लहानूच्या हाताखाली. लहानूच्या छातीत काहीतरी गार झालं, आणि खरं सांगायचं तर त्या गारव्यात थोडं समाधानही होतं. सहा महिने आपण वेड्यासारखा संशय घेत नव्हतो, एवढं तरी ठरलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

सुरुवात झाली होती ती एका बोल्टपासून. लहानूच्या हाताला चाळीस वर्षांचं ग्रीस होतं, तो ज्याला हात लावील ते काळं व्हायचं. पण एका सकाळी त्यानं कसलेल्या बोल्टचं डोकं पुसल्यासारखं स्वच्छ दिसलं. मग एका गिऱ्हाइकानं त्याच्यासमोरच बळीरामच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "भैया, गाड़ी तो मक्खन हो गई." त्या गाडीचं टायमिंग लहानूनं लावलेलं होतं. बळीराम खाली मान घालून हसला, आणि ते हसणं लहानूच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. सगळ्या गोरखपूर मोहल्ल्यात, खरं तर सगळ्या जबलपुरात, कानानं टायमिंग लावणारा मिस्त्री म्हणून एकच माणूस ठाऊक होता. आणि हा कानामागून आला आणि तिखट झाला.

ते टायमिंग म्हणजे तरी काय, तर सिलिंडरात ठिणगी कधी पडायची ते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी पडली पाहिजे. उशिरा पडली तर गाडी मरगळते. फार लवकर पडली तर चढावर इंजिनातून बारीक कडकड येते, तिला सगळे नॉकिंग म्हणतात, आणि ती ऐकूनही गाडी पळवत राहिलं तर पिस्टन जळतो. लहानूला हे शिकवलं ते एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या वर्कशॉपातल्या म्हाताऱ्या उस्तादानं. लहानूचा बाप भंडाऱ्याचा, बिडीच्या पानांच्या ठेक्यावर इकडे आलेला. पुढे राज्यं वेगळी झाली, भंडारा तिकडे गेला आणि बाप इकडेच राहिला. पोराला त्यानं उस्तादाच्या पायाशी नेऊन बसवलं. उस्ताद म्हणायचा, "चूड़ियाँ सुन, बेटा. जब डिब्बे में काँच की चूड़ियाँ बजें, तो समझ आगे निकल गया. वहाँ से बाल भर पीछे आ." लहानूनं त्या बांगड्या ऐकल्या, आणि त्यांच्यावर संसार उभा केला. जुन्या गाड्या सरळ होत्या, डिस्ट्रिब्यूटर फिरवला की इंजिन स्वतःच सांगायचं. पेट्रोल-इंजेक्शनच्या गाड्या आल्या त्या मात्र लबाड जात. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर. तुम्ही इकडे फिरवा, तो तिकडे गुपचूप सांभाळून घेतो, आणि वरून सगळं आलबेल. म्हणून आधी बॅटरीजवळच्या छोट्या सॉकेटची दोन भोकं एका वायरीनं जोडायची. मग कॉम्प्युटरचे हात बांधले जातात आणि खरं काय ते उघडं पडतं. टायमिंग लावायचं, वायर काढायची. बळीरामनं त्यासाठी पिस्तुलासारखा एक लाईट आणला होता. तो इंजिनाच्या पुलीवर धरला की लखलख उजेड पडतो आणि पुलीवरची पांढरी खूण थांबल्यासारखी दिसते. समोरच्या पट्टीवरच्या ठरलेल्या आकड्यावर ती आली की झालं. लहानू त्या लाईटला आंधळ्याची काठी म्हणायचा. तो वायर लावून अंदाजानं फिरवी, वायर काढी, मग गाडी मदन महालच्या चढावर चौथ्या गिअरात घालून बांगड्या वाजेपर्यंत टायमिंग पुढे नेई, आणि तिथून केसभर मागे. शिवाय त्याचा एक नेम होता. टायमिंग लावलेली गाडी एक रात्र गॅरेजात मुक्कामाला राहणार. सकाळी थंड इंजिन कसं उठतं ते ऐकल्याशिवाय तो चावी देत नसे. त्या नेमाचं त्याला फार कौतुक होतं. आता कळत होतं, की त्या मुक्कामातच चोराला वाट होती. संध्याकाळी लहानू घरी जायचा आणि शटर ओढायला बळीराम मागे राहायचा.

रेघ सरकलेल्या गाडीचं टायमिंग त्यानं पुन्हा आपल्या जागी आणलं का? नाही आणलं, आणि हे पुढे त्याला फार लागलं. गाडीचा मालक बायको आणि दोन पोरांना घेऊन फाटकाशी उभा होता, त्यांना अमरावतीला लग्नाला जायचं होतं, आणि लहानूच्या मनात आलं, जाऊ दे. वाटेत गाडी रडली म्हणजे बळीरामनं केलेलं आपोआप जगाला दिसेल. त्यानं चावी देऊन टाकली. ती माणसं दृष्टिआड होईपर्यंत तो चांगलं तोंड करून उभा राहिला.

दुपारपर्यंत त्यानं कळ काढली. बळीराम एका स्कूटरचं चाक घेऊन बसला होता आणि काहीतरी गुणगुणत होता. निदान त्याचे ओठ हलत होते. हल्ली सगळेच ओठ हलवायचे. घरी शेवंता आणि हा, दोघं भाऊबहीण, स्वयंपाकघरात बसून इतक्या हळू बोलायची की दारात उभं राहूनही शब्द लागत नसे, आणि लहानू आत शिरला की गप्प व्हायची, नाहीतर एकदम मोठ्यानं बोलायला लागायची, जणू बहिऱ्याशी बोलतायत. गिऱ्हाइकं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. सगळ्या गावाचाच आवाज बसला होता. चिमण्या गेल्या मोबाइलच्या टॉवरांमुळे, हे त्यानं पेपरात वाचलं होतं आणि चार जणांना पटवूनही दिलं होतं. रातकिडे गेले औषधांच्या फवारण्यांनी. मनात संशयाची पाल दिवसभर चुकचुकायची; भिंतीवरची मात्र दोन वर्षांत एकदाही चुकचुकली नव्हती. हे सगळं त्याला खटकत होतं, पण एकत्र करून पाहायचं सुचलं नव्हतं. संशयी माणूस सगळ्या जगाकडे बघतो, आरशाकडे तेवढं बघत नाही.

"बळी," तो म्हणाला, "रात्री टायमिंगले हात कोण लावला?"

बळीरामनं चाक खाली ठेवलं. तो पंचेचाळिशीचा, डोक्यावर मधोमध टक्कल पडलेला माणूस. त्याच्या तोंडावर चोरी पकडल्याचा भाव आला नाही. दमल्यासारखा भाव आला, तो लहानूला जास्त झोंबला.

"म्या लावला, भाऊजी."

"काहून?"

बळीरामचे ओठ हलले. लहानूला "गाडी" एवढंच ऐकू आलं.

"मोठ्यानं बोल. लपून करतं आन् लपूनच बोलतं."

"गाडी बराबर गेली ना, म्हटलं."

"माह्या हातानं लावलेलं तू फिरवतं आन् मलेच इचारतं बराबर गेली का?" लहानूनं हातातलं फडकं बाकावर आपटलं. "गॅरेज पाह्यजे तुले. सरळ सांग ना. मी मेल्यावर घेजो. आता चावी ठेव इथं."

बळीरामनं चावी बाकावर ठेवली. आपले पाने एका पोत्यात भरले, लाईट घेतला, वायर घेतली. जाताना त्यानं वायरीचा विचार केला असावा, कारण परत येऊन ती खिळ्याला अडकवून गेला. लहानूला वाटलं, हाही डावच. चांगुलपणाचा.

शेवंतानं त्या रात्री त्याला वाढलं आणि स्वतः जेवली नाही. "पंधरा वर्षं तुमच्या मांडीला मांडी लावून बसला तो," ती म्हणाली. तिचा आवाज घरभर होता. भांडताना तिचं सगळं ऐकू यायचं. "काय केलं त्यानं, हे मी नाई सांगत. मी त्याले वचन देल्लं हाय. तुमी आपल्या मनालेच इचारा." वचन. म्हणजे हीसुद्धा आत. अंथरुणावर पडल्यापडल्या लहानूनं सहा महिने पुन्हा एकदा मोजून काढले, आणि प्रत्येक आठवणीत दोघं जण कोपऱ्यात पुटपुटताना सापडली. दुसऱ्या दिवशी अमरावतीहून फोन आला. त्यानं तो कानाला घट्ट दाबून धरला. गाडी फार छान आली, ते गृहस्थ सांगत होते, घाटातसुद्धा कुरकुरली नाही. लहानूनं बरं बरं म्हणून फोन ठेवला आणि ठरवून टाकलं, की बळीरामनं त्यांनाही पढवून ठेवलंय. संशयाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही, आणि पोट भरलं तरी त्याची भूक काही जात नाही.

विभावरी मॅडमची गाडी आली ती त्याच दिवशी. त्या राइट टाउनात राहायच्या आणि बरगीजवळच्या एका गावातल्या शाळेत शिकवायला रोज बारा वर्षांची जुनी इंजेक्शनची गाडी घेऊन जायच्या. लहानूनं एकट्यानं काम केलं. वायर लावली, फिरवलं, वायर काढली. मदन महालचा चढ चढताना खिडकीच्या काचा खाली करून तो श्वास रोखून बसला. बांगड्या वाजेनात. त्यानं उतरून टायमिंग थोडं पुढे नेलं. पुन्हा चढ. पुन्हा थोडं पुढे. चौथ्या खेपेला त्या वाजल्या, दुरून, पाण्याखालून आल्यासारख्या, पण वाजल्या. त्यानं केसभर मागे घेतलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला. रेघ ओढली. गाडी मुक्कामाला ठेवली, आणि या खेपेला शटर स्वतः ओढलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं. सकाळी रेघ अखंड होती. बोल्टवर ग्रीस होतं. चावी देताना तो मॅडमना म्हणाला, "आता पाच वर्षं पाहायचं काम नाही."

तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या. टायमिंग लावलेली गाडी परत येणं ही गोष्ट त्याच्या गॅरेजला माहीतच नव्हती. "लहानूभाऊ," त्या काच खाली करून म्हणाल्या, आणि त्यांचं पुढचं बोलणं त्याला त्यांच्या ओठांकडे बघून जुळवावं लागलं, "आधी नव्हता असा आवाज येऊन राहिलाय. चढावर. जास्तच."

"बळीराम भेटला होता काय तुमाले?"

"बळीराम? नाही हो. तो कुठं आहे?"

"गाडी कुठं उभी करता तुमी? रात्री?"

"घरी, फाटकाच्या आत." त्यांनी त्याच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "तुम्ही चलता का माझ्यासोबत? ऐकाच ना तुम्ही स्वतः."

तो त्यांच्या शेजारी बसला. बरगीच्या रस्त्याला लागल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले, उस्तादानं शिकवल्यासारखे. इंजिनाची खालच्या पट्टीतली घरघर येत होती, टायरचा आवाज येत होता, मॅडमच्या श्वासाचासुद्धा आल्यासारखा वाटला. बरगी धरणाकडे वळल्यावर चढ लागला. "हा बघा," मॅडम म्हणाल्या. "हा. आत्ता. ऐकू आला ना?" काहीच आलं नव्हतं. त्यानं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. चांगल्या घरची, शिकलेली बाई. हिला या भानगडीत पडून काय मिळणार? त्याच्या मनानं कारण शोधायला घेतलं, कारण त्याची आता तीच सवय झाली होती. चढाच्या डोक्याशी रस्त्याकडेला एक कोळीण मासळीची टोपली घेऊन बसली होती. मॅडमनी गाडी तिच्यापुढे थांबवली, कारण त्या तिच्याकडून नेहमी मासे घ्यायच्या. बाईनं टोपलीवरचं ओलं फडकं दूर केलं आणि हसून म्हणाली, "क्या दीदी, आज गाड़ी में चूड़ियाँ बेचने निकली हो?"

लहानू तसाच बसून राहिला. ही बाई बळीरामला ओळखत नव्हती. शेवंताला ओळखत नव्हती. तिला कोणी पढवलेलं नव्हतं, आणि उस्ताद तर तीस वर्षांपूर्वीच गेला होता.

तो उतरला, बॉनेट उचललं. त्याला अजून एक शेवटची आशा होती, आणि ती किती नीच होती हे त्याला तेव्हाच कळत होतं: रेघ तुटलेली असू दे. रेघ तुटलेली नव्हती. लाल, बारीक, अखंड, त्याच्या हातानं ओढली तशीच. या गाडीला त्याच्याशिवाय कोणाचाही हात लागलेला नव्हता. रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणावर, हातभर अंतरावर, एक चिमणी बसली होती. शेपटी उडवत होती, चोच उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. तिच्या गळ्याची पिसं थरथरताना त्याला स्पष्ट दिसत होती. तो तिच्याकडे पाहत राहिला. कुठूनही काही आलं नाही. मग दोन वर्षांतलं सगळं एकेक करून त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं, टॉवर आणि फवारण्या, पुटपुटणारी गिऱ्हाइकं, एकदम मोठ्यानं बोलायला लागणारी शेवंता. आणि सगळ्यात शेवटी ही साधी गोष्ट, की इतक्या दिवसांत तक्रार घेऊन आलेली गाडी एकच, आणि ती बळीरामचा हात न लागलेली. तो बंपरवर बसला. फार लाज वाटली, आणि लाजेच्याही खाली भीती होती, पहिल्यांदाच, की आता आपण कोण.

"काय झालं, भाऊ?" मॅडमनी विचारलं. त्याला ते नीट ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच त्यानं तसं सांगितलं.

"ताई, मले कमी ऐकू येते. जरा मोठ्यानं बोला."

बळीराम विहारामागच्या गल्लीत आपल्या दारात बसून कोणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडत होता. गाडीतून उतरणाऱ्या लहानूला पाहून तो उठून उभा राहिला आणि सवयीनं "जयभीम, भाऊजी" म्हणाला. लहानू त्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, तोंड नीट दिसेल इतका.

"कवापासून?"

बळीरामनं मॅडमच्या गाडीकडे पाहिलं, आपल्या ओठांवर खिळलेल्या लहानूच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. "दोन वर्षं होतील," तो मोठ्यानं, सावकाश म्हणाला. "शेवंताबाईले आधी समजलं. फोन वाजते आन् तुमी बाजूलेच बसून राहता. मग म्या एका गाडीवर लाईट लावून पाह्यला."

"आन् दोन वर्षं रोज फिरवत आला?"

"रोज कुठं. आठवड्यातून दोनदा. तुमी गेल्यावर."

"मले सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू भाऊजी? लहानू मिस्त्रीले म्हणू, का तुमचा कान गेला?"

लहानूच्या खिशातली नेलपॉलिशची बाटली मांडीला लागत होती. "ते रेघ," तो म्हणाला. "तुले दिसली नव्हती?"

"दिसली ना. लय वेळ तसाच उभा होतो तिथं." बळीरामनं हातातला पेचकस पुसला. "समजलं मले, कायच्यासाठी ओढली ते. पण ते लोक लेकरं घेऊन अमरावतीले चालले होते. घाटात पिस्टन गेला असता तं?"

"पुसून टाकता आली असती. नवी ओढता आली असती. मले काय समजलं असतं?"

"पुसली असती तं ते चोरी झाली असती, भाऊजी."

लहानूचे डोळे भरून आले आणि त्यानं ते बाहीला पुसले, तसं तोंडाला ग्रीस लागलं. मॅडम दुसरीकडे पाहत होत्या. मग तो म्हणाला, "तुहा लाईट आण," आणि बळीराम आत गेला.

गॅरेजात खिळ्याला वायर होतीच. लहानूनं ती सॉकेटात बसवली आणि लाईट स्वतः हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. घोडा दाबला, पुलीवर उजेड लखलखायला लागला आणि गरगर फिरणारी ती पांढरी खूण त्याच्यासमोर चक्क थांबली. पाचाच्या आकड्यावर पाहिजे होती, ती पट्टीच्या पार बाहेर उभी होती. इतकं चुकलो, त्याला वाटलं, इतकं. नेलपॉलिशची रेघ त्यानं नखानं खरवडून टाकली. "फिरव," तो म्हणाला, आणि बळीरामनं बोल्ट सैल करून डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवला. खूण पाचावर येताच लहानूनं हात वर केला. बोल्ट कसला, वायर काढली. मग दोघं मदन महालच्या चढावर गेले, बळीराम चालवायला आणि लहानू बाजूला. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. तो बळीरामच्या तोंडाकडे बघत बसला. चौथा गिअर, अर्धा चढ, पूर्ण चढ.

"वाजल्या?"

"नाही वाजल्या."

"पक्कं?"

"पक्कं, भाऊजी."

खाली गॅरेजाच्या बाकावर विभावरी मॅडम बसल्या होत्या. अंधार व्हायला आला होता. लहानूचा नेम त्यांना माहीत होता, म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि मोठ्यानं विचारलं, "तर मी सकाळी येऊ ना घ्यायला?"

"कायले?" लहानू म्हणाला. "बळीनं ऐकलं ना." आणि त्यानं चावी त्यांच्या हातात दिली.